पाणी, शेत आणि विवेक : रायगड किनाऱ्यावरच्या दोन लढ्यांची प्रस्तावना

25 डिसेंबर 1927 च्या दुपारी मुंबईहून निघालेली ‘पद्मावती’ आगबोट दासगाव बंदराला लागली. बोटीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सत्याग्रही सहकारी होते, आणि बंदरावर त्यांची वाट पाहणारी हजारो माणसं. मुंबईहून महाडला यायला धरमतरची वाटही होती. पण त्या वाटेवर मोटारवाल्यांनी बहिष्कार घातला, तर पुढचा सगळा लांबचा पल्ला पायी तोडावा लागला असता. दासगावहून महाड पाच मैल. बहिष्कार झालाच तर तेवढं अंतर चालता येईल, या हिशेबानं दासगावची निवड झाली. सार्वजनिक तळ्याचं पाणी पिण्याचा हक्क मागायला निघालेल्या माणसांना रस्ताही जपून निवडावा लागत होता. तिथून ही माणसं रांगेनं महाडकडे चालू लागली.

त्याच जिल्ह्यात, सहा वर्षांनी, अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी शेतकऱ्यांनी नांगर खाली ठेवला. 27 ऑक्टोबर 1933 ला सुरू झालेला हा संप 1939 पर्यंत चालला आणि आसपासच्या पंचवीस गावांत पसरला. महाडला प्रश्न तळ्याचा होता, चरीला भातशेतीचा. महाडला समोर सनातनी सवर्ण होते, चरीला सरकारी सारा वसूल करणारे खोत आणि सावकार. महाडच्या लढ्याचा कणा महार समाज होता, चरीच्या लढ्याचा आगरी समाज. आज या दोन घटनांची स्मृती दोन वेगळ्या घरांत जपली जाते. 20 मार्चला आणि 25 डिसेंबरला महाडला एक जनसमुदाय जमतो, 27 ऑक्टोबरला चरीची आठवण दुसरा समुदाय काढतो. अभ्यासकांनीही एकीला दलित चळवळीच्या खणात आणि दुसरीला शेतकरी चळवळीच्या खणात ठेवलं आहे.

ही वाटणी चुकीची आहे, हे सांगण्यासाठी ही प्रस्तावना. महाड आणि चरी या एकाच वादाच्या दोन बाजू आहेत. सार्वजनिक म्हणून जे आहे ते कोणाचं, जमीन कसणाऱ्याला त्या जमिनीबद्दल बोलायचा अधिकार आहे का, आणि धर्माच्या किंवा रूढीच्या नावानं माणसाला खाली ठेवता येतं का, हे तिन्ही प्रश्न या किनाऱ्यावर बारा वर्षांच्या काळात एकत्र विचारले गेले. विचारणारी माणसंही बऱ्याच अंशी तीच होती.

हे तीन प्रश्न एकत्र येण्याचा प्रसंग जगाच्या इतिहासात याआधीही आला होता. तो थोडक्यात समजून घेतला तर महाड आणि चरीचं मोल अधिक नीट कळतं.

सतराव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडात राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी युद्ध पेटलं. 1642 ला सुरू झालेल्या या युद्धात पार्लमेंटनं नवं सैन्य उभारलं. त्या सैन्यातल्या साध्या शिपायांनी, लहान कारागिरांनी आणि दुकानदारांनी एक अडचणीचा प्रश्न विचारला. आम्ही रक्त सांडून राजाला हरवलं, आता देश चालवण्यात आमचा वाटा कोणता? ऑक्टोबर 1647 च्या अखेरीस लंडनजवळच्या पटनी गावातल्या सेंट मेरी चर्चमध्ये सैन्याच्या परिषदेत यावर कडाक्याचा वाद झाला. इकडे सह्याद्रीत शिवाजी महाराज तेव्हा सतरा वर्षांचे होते. पटनीत कर्नल थॉमस रेन्सबरो यांनी मांडलं की, ज्याच्या संमतीवाचून राज्यव्यवस्था बनली, तो तिला बांधील नाही. म्हणून मत गरिबालाही हवं. सैन्याचे एक प्रमुख सेनानी क्रॉमवेल यांचे जावई हेन्री आयर्टन यांनी उलट धरलं, की देशात ज्याची कायमची मालमत्ता आहे त्यालाच देशाच्या कारभारात बोलायचा अधिकार. तसं नसेल तर उद्या बहुसंख्य गरीब मतदान करून मालमत्ताच वाटून घेतील, ही त्यांची भीती होती.

रेन्सबरो यांच्या बाजूच्या लोकांना विरोधकांनी ‘लेव्हलर्स’ हे नाव हिणवून दिलं. जॉन लिलबर्न हा त्यांचा सर्वांत गाजलेला पुढारी आयुष्यात कितीदा तरी तुरुंगात गेला. त्यांच्या जाहीरनाम्यात मताधिकाराइतकाच दुसऱ्या मागणीवर जोर होता: माणसाच्या उपासनेत सरकारनं हात घालू नये. कोणी कसा देव मानावा हे ठरवण्याचा अधिकार जनतेनं पार्लमेंटलाही दिलेला नाही, कारण तो देण्यासारखाच नाही, अशी त्यांची भूमिका होती. चर्चच्या देखभालीसाठी शेतकऱ्याकडून सक्तीनं घेतला जाणारा उत्पन्नाचा दशांशही त्यांना रद्द हवा होता. विवेकाचं स्वातंत्र्य आणि धान्याची कोठी यांचा संबंध त्यांनी अचूक ओळखला होता.

याच्याही पुढे गेले ते ‘डिगर्स’. 1 एप्रिल 1649 ला जेरार्ड विन्स्टनली आणि त्यांचे मोजके सोबती सरे परगण्यातल्या सेंट जॉर्ज टेकडीवरच्या पडीक गायरानात गेले आणि खणून भाज्या लावू लागले. जमीन सगळ्यांची आहे, ती विकत घेणं-विकणं हेच पापाचं मूळ आहे, असं विन्स्टनली बायबलच्या आधारानं सांगत. स्थानिक जमीनदारांनी त्यांची झोपडी पाडली, पीक तुडवलं, कोर्टात खेचलं. वर्षभरात सगळं संपलं. लेव्हलर शिपायांचं बंडही मे 1649 मध्ये बरफर्ड इथे मोडलं गेलं आणि तिघांना चर्चच्या आवारात गोळ्या घातल्या गेल्या. इंग्लंडात सर्व प्रौढ पुरुषांना मत मिळायला 1918 उजाडावं लागलं आणि स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीनं मत मिळालं 1928 ला, म्हणजे महाडच्या दुसऱ्या परिषदेनंतर.

त्याच इंग्लंडचा या किनाऱ्याशी संबंध आला तो मात्र पटनीच्या दुसऱ्या बाजूशी, सत्ता आणि व्यापाराच्या बाजूशी. शिरच्छेद झालेल्या चार्ल्स राजाचा मुलगा गादीवर परतला आणि 1661 च्या विवाह-करारात पोर्तुगिजांकडून मुंबई त्याला आंदण मिळाली. 1674 मध्ये शिवराज्याभिषेकाला रायगडावर हजर असलेला हेन्री ऑक्झिंडन चौलमार्गे गड चढला तो ईस्ट इंडिया कंपनीसाठी सवलती मागायला. पटनीतला वाद इंग्रजांच्या बोटींतून आला नाही. रायगडच्या माणसांनी तो आपल्या मातीत, आपल्या अनुभवावरून, आपल्या शब्दांत नव्यानं उभा केला.

त्याची सुरुवात महाडच्या परिषदेच्याही आधीची आहे. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर लष्करातून 1886 ला निवृत्त झाले. त्यांनी दापोलीला मुक्काम करून ‘अनार्य दोषपरिहारक मंडळी’ स्थापली आणि 1888 ला ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका लिहिली. अस्पृश्यतेला धर्माचा आधार आहे असं म्हणणाऱ्यांना त्यांनी त्यांच्याच शास्त्रांवरून प्रश्न विचारले. ‘दीनबंधू’ आणि ‘सुधारक’ मधून ते सातत्यानं लिहीत. 1895 मध्ये सरकारनं त्यांना महाड तालुका लोकल बोर्डावर नेमलं. अस्पृश्य माणूस बोर्डाच्या बैठकीत बसणार म्हणून तेव्हा महाडात खळबळ माजली. बत्तीस वर्षांनी चवदार तळ्यावर जे घडलं, त्याची ही पूर्वखूण होती: धर्मग्रंथाला प्रश्न आणि लोकसंस्थेत जागा, या दोन गोष्टी वलंगकरांच्या आयुष्यात आधीच एकत्र आल्या होत्या.

पुढची पायरी कायदेमंडळात पडली. 4 ऑगस्ट 1923 ला सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळानं मंजूर केला. सरकारी पैशांतून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने आणि कचेऱ्या अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असा तो ठराव. महाड नगरपालिकेनं जानेवारी 1924 मध्ये त्याप्रमाणे चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस या बाजूचे होते. पण कागदावर तळं खुलं झालं, काठावर मात्र तसंच बंद राहिलं. मुसलमान त्या तळ्यावर पाणी भरत, ख्रिस्ती भरत, गुरंढोरं पाणी पीत. ज्याला हात लावायची मनाई होती तो गावचाच महार आणि चांभार होता.

19 आणि 20 मार्च 1927 ला महाडला कुलाबा (म्हणजे आजचा रायगड) जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. दासगावात वाढलेल्या रामचंद्र बाबाजी मोरे या तरुण कार्यकर्त्यानं त्यासाठी गावोगाव पायपीट केली होती. सोबत अनंतराव चित्रे, टिपणीस, संभाजी गायकवाड, गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे होते. यांतले चित्रे आणि टिपणीस कायस्थ, सहस्रबुद्धे ब्राह्मण. परिषदेला जमलेल्या माणसांसाठी पाणीही सवर्णांकडून विकत घ्यावं लागलं, त्यावर चाळीस रुपये खर्च झाले. दुसऱ्या दिवशी समारोपाच्या वेळी चित्रे यांनी सुचवलं, की जो हक्क कायद्यानं मिळाला आहे तो इथेच बजावू या. मिरवणूक गावातून तळ्याकडे गेली. बाबासाहेबांनी ओंजळीनं पाणी घेतलं, त्यांच्यामागे हजारोंनी घेतलं.

तासा-दोन तासांत अफवा उठली, की आता हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार. मांडवात जेवायला बसलेल्या आणि गावाकडे परतणाऱ्या माणसांवर काठ्या चालल्या. बाबासाहेबांनी आपल्या माणसांना हात उचलू दिला नाही. पुढे हल्लेखोरांपैकी पाच जणांना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. तळ्याचं ‘शुद्धीकरण’ मात्र लगेच उरकलं गेलं: 108 घागरी पाणी काढून, त्यात दही, दूध, शेण आणि गोमूत्र मिसळून, मंत्रांच्या घोषात ते परत ओतलं गेलं. आणि 4 ऑगस्ट 1927 ला महाड नगरपालिकेनं आपला 1924 चा ठराव मागे घेतला. नगरपालिकेत बहुमत होतं, मतदान झालं, ठराव रद्द झाला. बहुमतानं माणसाचा हक्क काढून घेता येतो का, हा पटनीत न सुटलेला प्रश्न इथे पुन्हा उभा राहिला.

या प्रश्नाचं उत्तर देण्यासाठी डिसेंबरची परिषद बोलावली गेली. सवर्ण फिर्यादींनी त्याआधीच दिवाणी दावा लावून तळ्यावर जायला तात्पुरता मनाईहुकूम मिळवला होता. परिषदेला जागा द्यायला कोणी हिंदू तयार होईना. फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जमीन दिली. अध्यक्षीय भाषणात बाबासाहेबांनी या सभेची तुलना 1789 च्या फ्रेंच राष्ट्रीय सभेशी केली. तळ्याचं पाणी प्यायल्यानं कोणी अमर होत नाही, इथे समतेची मुहूर्तमेढ रोवायची आहे, हा त्या भाषणाचा आशय होता. मग माणसाच्या जन्मसिद्ध हक्कांचा जाहीरनामा मंजूर झाला. रात्री मनुस्मृतीचं दहन झालं. तो ठराव सहस्रबुद्धे यांनी मांडला आणि पां. ना. राजभोज यांनी अनुमोदन दिलं.

याच परिषदेतला एक ठराव कमी चर्चेत येतो. पौरोहित्य जन्मावर अवलंबून नसावं, योग्यता सिद्ध करणाऱ्या कोणालाही ते करता यावं, अशी मागणी त्यात होती. लेव्हलर आणि त्यांच्या शेजारचे स्वतंत्र पंथ म्हणत, की धर्मगुरू सरकारनं लादू नये, मंडळीनं निवडावा. महाडचा ठराव त्याच दिशेचा, पण अधिक खोल होता. इंग्लंडात धर्मगुरूची नेमणूक कोण करणार हा वाद होता. इथे जन्मच धर्मगुरू ठरवत होता. म्हणून महाडचं दहन आणि महाडचा ठराव एकत्र वाचायला हवेत. एकानं ग्रंथाची हुकमत नाकारली, दुसऱ्यानं त्या हुकमतीच्या जागी लोकशाही पद्धत सुचवली. धर्मस्वातंत्र्य म्हणजे निव्वळ आपापली पूजा करण्याची मुभा, एवढाच अर्थ महाडला मान्य नव्हता. धर्माच्या आत असलेल्या माणसाला धर्माच्या अधिकाऱ्यांपासून मिळणारं स्वातंत्र्य, हा त्याचा अर्थ तिथे मांडला गेला.

तळ्यावर पुन्हा जाणं मात्र त्या वेळी स्थगित झालं. कलेक्टरनं परिषदेपुढे येऊन मनाईहुकूम मोडू नका अशी विनंती केली होती. हजारोंनी आधी तुरुंगात जायची तयारी नोंदवली होती. तरीही कोर्टाचा निकाल येईपर्यंत थांबायचा निर्णय झाला. सत्याग्रही मिरवणुकीनं तळ्याला वेढा घालून परतले. हा निर्णय अनेकांना तेव्हा कटू वाटला. पण त्यामुळे लढा कोर्टाच्या नोंदीत गेला आणि कोर्टाच्या नोंदी टिकतात.

दावा जवळजवळ दहा वर्षं चालला. 17 मार्च 1937 ला मुंबई उच्च न्यायालयानं सवर्ण फिर्यादींचं अपील फेटाळलं. तळ्याचं पाणी पहिल्यांदा घेतलं त्याला दहा वर्षं पूर्ण व्हायला तीन दिवस बाकी होते. निकालाचा आधार मात्र लक्षात ठेवायला हवा. सर्व माणसं समान आहेत म्हणून तळं खुलं, असं न्यायालयानं म्हटलं नाही. अस्पृश्यांना दूर ठेवण्याची अनादि रूढी फिर्यादींना सिद्ध करता आली नाही, म्हणून दावा फेटाळला. रूढी सिद्ध झाली असती तर? ती शंका दूर करण्यासाठी संविधानाची वाट पाहावी लागली. 26 जानेवारी 1950 ला अमलात आलेल्या संविधानाचं पंधरावं कलम विहिरी, तळी, स्नानघाट, रस्ते यांचा उल्लेख करतं आणि सरकारी पैशांतून पूर्णतः किंवा अंशतः चालवल्या जाणाऱ्या जागांवर कोणालाही जातीवरून अडवता येणार नाही, असं सांगतं. बोले यांच्या 1923 च्या ठरावाशी त्याची सलगी उघड आहे. महाडच्या तळ्याचा काठ देशाच्या मूलभूत कायद्यात गेला आहे.

आता चरीकडे.

अलिबाग आणि पेणच्या खारपाटात शेत हे आधी समुद्राकडून मिळवावं लागतं. भरतीचं खारं पाणी आत येऊ नये म्हणून बांध, पावसाचं पाणी बाहेर जावं म्हणून उघाड्या, आणि दरवर्षी दोन्हींची डागडुजी. एका उधाणात बांध फुटला तर शेतात मीठ बसतं आणि पुढची काही पिकं जातात. ही सगळी मेहनत कूळ करी. पिकाचा मोठा हिस्सा मात्र खोताच्या किंवा सावकाराच्या घरी जाई. वर वेठ, निरनिराळ्या सबबीखाली घेतलेले नजराणे, आणि पेरणीच्या वेळी काढलेलं कर्ज. ज्यानं बांध घातला त्याचं शेतावर नाव नव्हतं. बहुतेकांना मतही नव्हतं, कारण त्या काळचा मताधिकार जमीनधाऱ्यावर आणि मालमत्तेवर अवलंबून होता. आयर्टन यांनी पटनीत मांडलेला नियम कुलाबा जिल्ह्यात कायद्यानं चालू होता. बाबासाहेबांनी 1928 मध्ये सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकाराची मागणी केली, तेव्हा ती चरीच्या कुळाचीही मागणी होती.

धेरंडचे नारायण नागू पाटील या संपाचे पुढारी. आगरी समाजात सुधारणेचं आणि शिक्षणाचं काम करता करता ते कुळांच्या प्रश्नाकडे वळले. गावोगाव सभा, सरकारकडून भाषणबंदी, पुन्हा सभा असा क्रम चालला. मग चरीच्या सभेत ठरलं, की जमीन कसायचीच नाही. संप हे शहरातल्या गिरणीचं हत्यार. गिरणीतल्या कामगाराचा संप काही आठवड्यांत त्याला भुकेशी आणून भिडवतो. शेतकऱ्याचा संप म्हणजे वर्षाचं पीक सोडणं. चरीनं ते एक वर्ष नव्हे, पुन्हा पुन्हा केलं. खाडीतली मासळी, डोंगरातला लाकूडफाटा, मिळेल ती मजुरी, यांवर घरं चालली. बायकांनी मोळ्या विकून चूल पेटती ठेवली. संपाच्या इतिहासात पुढाऱ्यांची नावं येतात, पण संप सहा वर्षं टिकला तो घर चालवणाऱ्या या हातांमुळे, आणि त्यांची नोंद फार थोडी झाली आहे.

16 डिसेंबर 1934 ला बाबासाहेब चरीला शेतकरी परिषदेसाठी आले. महाडच्या तळ्यावर जाण्याची सूचना करणारे अनंतराव चित्रे याच जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांच्या संघटनेत राबत होते. टिपणीसांनीही ही बाजू धरली होती. ऑगस्ट 1936 मध्ये बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापला. 1937 च्या निवडणुकीत टिपणीस आणि चित्रे या पक्षातर्फे कायदेमंडळात गेले. महाडचा नगराध्यक्ष आणि महाडचा सत्याग्रही कुळांच्या बाजूनं मुंबईच्या सभागृहात बसले, हा महाड-चरी संबंधाचा सर्वांत ठोस पुरावा आहे.

17 सप्टेंबर 1937 ला बाबासाहेबांनी खोती पद्धत रद्द करण्याचं विधेयक मांडलं. खोताला वाजवी भरपाई आणि कसणाऱ्या कुळाला जमिनीवर थेट हक्क, असं त्याचं स्वरूप होतं. ते पुढे सरकत नाही हे दिसल्यावर जानेवारी 1938 मध्ये कोकणातले आणि घाटावरचे वीस हजारांवर शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर मोर्चा घेऊन गेले. अनेकांनी त्याआधी मुंबई पाहिली नव्हती. महाडला ज्यांना आपल्या गावातल्या तळ्यापर्यंत चालण्यासाठी लढावं लागलं, त्यांचे आणि त्यांच्या शेजारच्या कुळांचे पाय आता कायदेमंडळाच्या दारापर्यंत पोहोचले.

याच सुमारास, 1937 मध्ये, नारायण नागू पाटील यांनी ‘कृषीवल’ सुरू केलं. लेव्हलर्सकडे छापील पत्रकं होती, विन्स्टनलींकडेही होती. बंदी, जप्ती आणि तुरुंग यांतूनही ती छापली जात. महाडच्या पहिल्या परिषदेनंतर दोन आठवड्यांत, 3 एप्रिल 1927 ला, बाबासाहेबांनी ‘बहिष्कृत भारत’ काढलं होतं. छापखाना हाताशी नसला तर आपली बाजू दुसऱ्याच्या शब्दांत सांगितली जाते, हे या सगळ्यांनी ओळखलं होतं. ‘कृषीवल’ आजही अलिबागेतून निघतं.

संपाचं फळ कायद्यात उतरलं. 1939 च्या मुंबई कूळकायद्यानं संरक्षित कुळाची कल्पना आणली. 1948 चा कूळवहिवाट कायदा आला आणि 1 एप्रिल 1957 या कृषकदिनी कूळ जमिनीचा मालक मानला गेला. खोती 1949 च्या कायद्यानं संपली. या कायद्यांच्या अंमलबजावणीत पळवाटा होत्या, नावं चढायला पिढ्या गेल्या, काही कुळं कोर्टाच्या फेऱ्यांत दमली. तरी सेंट जॉर्ज टेकडीवरचं पीक तुडवलं गेलं आणि खारपाटातलं शेत कुळाच्या नावावर झालं, हा फरक छोटा नाही.

तो फरक कशामुळे पडला? विन्स्टनलींच्या मागे बायबलचा आधार आणि मूठभर सोबती होते. लेव्हलर्सच्या मागे सैन्य होतं, पण ते त्यांच्या हातातून गेलं आणि जनतेत त्यांची मुळं लंडनच्या पलीकडे फार पोहोचली नव्हती. महाड आणि चरीच्या माणसांनी तीन वाटा एकाच वेळी धरल्या. रस्त्यावर चालले, कोर्टात उभे राहिले, कायदेमंडळात गेले. एक वाट अडली की दुसरी चालू ठेवली. शिवाय त्यांनी जातीच्या भिंती ओलांडून माणसं जोडली. महाडच्या मांडवात महार, चांभार, कायस्थ, ब्राह्मण, आणि जागा देणारा मुसलमान होता. चरीच्या आगरी शेतकऱ्यांच्या परिषदेत बाबासाहेब पाहुणे म्हणून आले.

हे जोडणं पूर्ण झालं, असं म्हणता येणार नाही. खारपाटातल्या कुळाला जमीन मिळाली. त्याच गावातल्या भूमिहीन दलिताला आणि कातकऱ्याला बहुधा ती मिळाली नाही. महाडच्या लढ्यात स्त्रिया मोठ्या संख्येनं होत्या, आणि 25 डिसेंबर आज स्त्रीमुक्ती दिन म्हणूनही पाळला जातो. पण सात-बाऱ्यावर बाईचं नाव अजून सहज येत नाही. लेव्हलर्सनीही मताधिकाराच्या मसुद्यात नोकरांना आणि भिक्षेवर जगणाऱ्यांना काही वेळा वगळलं होतं, आणि बायकांनी 1649 मध्ये स्वतःच्या सह्यांनी पार्लमेंटपुढे अर्ज नेले तेव्हा त्यांना घरी जाऊन भांडी घासा असं सुनावलं गेलं. प्रत्येक समतेच्या लढ्याच्या काठावर कोणीतरी उभं राहतं. त्याला आत घेणं हे पुढच्या लढ्याचं काम ठरतं.

या किनाऱ्यानं ते काम सोडलेलं नाही. 21 सप्टेंबर 2008 ला पेण तालुक्यातल्या बावीस गावांत जिल्हा प्रशासनानं सार्वमत घेतलं. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी आपली शेती द्यायची की नाही, असा थेट प्रश्न शेतकऱ्याला मतपत्रिकेवर विचारला गेला. प्रा. एन. डी. पाटील आणि शेतकरी कामगार पक्षासह अनेकांनी तो लढा उभा केला होता. शेतकऱ्यांचा कौल जमीन देण्याच्या विरोधात होता, आणि पुढे तिथलं भूसंपादन बारगळलं. भारतात जमिनीच्या प्रश्नावर असं मतदान क्वचितच झालं आहे. ज्या भागातल्या बहुतेक कुळांना 1933 ला मतही नव्हतं, तिथल्या नातवंडांनी आपल्या बांधाबद्दल मत दिलं. रेन्सबरो आणि आयर्टन यांचा वाद पेणच्या खारपाटात कुळाच्या बाजूनं निकाली निघाला, असं म्हणायला हरकत नाही.

पटनीचा वाद आज शब्दशः वाचता येतो, कारण विल्यम क्लार्क नावाचा एक कारकून तिथे बसून लघुलिपीत टिपणं घेत होता. ती टिपणं ऑक्सफर्डच्या एका महाविद्यालयात पडून राहिली आणि 1891 मध्ये प्रथम छापली गेली. अडीचशे वर्षं त्या शिपायांचे शब्द कोणाला ठाऊक नव्हते. महाडचं बरंच साहित्य ‘बहिष्कृत भारत’ मुळे आणि बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांच्या खंडांमुळे जपलं गेलं आहे. चरीचं तसं झालेलं नाही. संप पाहिलेली पिढी गेली. उरलंय ते घराघरांत: ‘कृषीवल’ चे जुने अंक, परिषदेची हस्तपत्रकं, खंडाच्या पावत्या, कबुलायती, मनाईहुकमाच्या नोटिसा, आजीनं नातीला सांगितलेल्या मोळ्या-मासळीच्या आठवणी.

खारपाटातल्या ज्या घरांत असे कागद असतील, त्यांनी ते पावसाळ्याच्या दमटात राहू देऊ नयेत. जवळच्या सार्वजनिक वाचनालयाला, महाविद्यालयाला त्याची प्रत द्यावी, आठवणी ध्वनिमुद्रित करून ठेवाव्यात. आणि महाडच्या वाचकानं चरीचा, चरीच्या वाचकानं महाडचा इतिहास आपलाच म्हणून वाचावा, एवढी या प्रस्तावनेची विनंती आहे.